प्रतिकूल शेरा : आत्मनिंदेच्या अभ्यासाची प्रस्तावना

माणूस स्वतःविषयी जे मत बाळगतो ते त्याने बहुधा कधी एका जागी बसून, पुरावे तपासून बनवलेले नसते. ते घरातल्या, शाळेतल्या आणि कामाच्या ठिकाणच्या शेऱ्यांतून वर्षानुवर्षे साचत जाते, आणि ते शेरे कोणी, कधी व कशाच्या आधारावर मारले याची आठवण पुसली गेली तरी त्यांचा अंमल मात्र चालूच राहतो. या साचलेल्या मताच्या जोरावर स्वतःला वारंवार दोषी ठरवण्याच्या सवयीला येथे ‘आत्मनिंदा’ म्हटले आहे. तिची खूण अशी की, चूक एखाद्या कृतीत झालेली असते आणि निकाल मात्र सबंध माणसाविरुद्ध लागतो. आत्मपरीक्षण हे याहून वेगळे. त्यात ‘काय चुकले’ हा प्रश्न असतो, उत्तर मिळाले की तो मिटतो आणि पुढच्या वेळी काय करायचे एवढे हाती उरते. आत्मनिंदेत प्रश्न मिटत नाही, कारण तो मुळात प्रश्नच नसतो. निकाल आधी ठरलेला असतो आणि रोजच्या घटना त्याला पुरवणी म्हणून जोडल्या जातात.

या विषयावरील लोकप्रिय लेखनात ‘स्वतःवर प्रेम करा’ हा सल्ला सढळ हाताने दिला जातो. ज्याच्या मनात स्वतःविरुद्धचे कागद वीस-वीस वर्षे साचले आहेत, त्याच्या दृष्टीने हा सल्ला म्हणजे न जमलेल्या गोष्टींच्या यादीत आणखी एका गोष्टीची भर असते, आणि म्हणून त्याने बरे वाटण्याऐवजी ओशाळेपणच वाढते. प्रस्तुत ग्रंथाची भूमिका निराळी आहे. आत्मनिंदेचा दोष तिच्या कठोर भाषेत जेवढा आहे, त्याहून अधिक तो तिच्या कार्यपद्धतीत आहे, आणि त्यामुळे तिच्यावरचा उपाय कौतुकात नसून रीतसर सुनावणीत आहे, असे येथे मांडायचे आहे.

ही भूमिका स्पष्ट करण्यासाठी कोलकात्याच्या गार्डन रीच या भागाचा आधार घेतला आहे, हे वरकरणी चमत्कारिक वाटेल. हुगळीच्या पूर्व काठावर, शहराच्या नैर्ऋत्येस असलेला हा भाग गोदीसाठी, जहाजबांधणीच्या कारखान्यासाठी आणि लगतच्या मटियाबुर्जमधील शिंप्यांच्या वस्तीसाठी ओळखला जातो. परंतु विदर्भातल्या रेल्वे-कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्यांना हे नाव मुख्यालयाचे म्हणून परिचित होते. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने नागपूर-छत्तीसगड मार्ग आपल्या ताब्यात घेऊन तो पूर्वेकडे वाढवला, आणि पुढे 1 ऑगस्ट 1955 रोजी त्या जुन्या जाळ्याची दक्षिण पूर्व रेल्वे झाली, तेव्हा तिचे मुख्यालय गार्डन रीचलाच राहिले. 2003 मध्ये बिलासपूरला नवे क्षेत्रीय मुख्यालय होईपर्यंत इतवारी, कामठी, भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया या स्थानकांचा आणि नागपूरच्या मोतीबाग कार्यशाळेचा वरचा कारभार हजार-अकराशे किलोमीटरवरच्या या इमारतीतून चाले. ज्यांना कधी पाहिलेले नाही अशा साहेबांच्या सहीने बदली यावी किंवा बढती अडावी, हा अनुभव त्या घरांना नवा नव्हता.

त्या काळच्या सरकारी नोकरीत माणसाचे मोल ज्या कागदावर ठरे, त्याला गोपनीय अहवाल म्हणत. कचेरीच्या बोलीत तो नुसता ‘सी. आर.’ होता. थेट वरिष्ठाने तो लिहायचा, त्याच्याही वरिष्ठाने तपासायचा, आणि ज्याच्याविषयी तो लिहिला त्याला मात्र तो दाखवायचा नाही, अशी ही पद्धत होती. तिला एक अपवाद होता: प्रतिकूल शेरा असेल तर तो कर्मचाऱ्याला कळवला जाई आणि त्यावर निवेदन देण्याची मुभा असे. याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. कामाबद्दल वरिष्ठाने काही चांगले लिहिले असेल तर ते कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचण्याचा नियमाने मार्गच नव्हता. कार्यालयाकडून स्वतःविषयी लेखी स्वरूपात काही कळलेच, तर ते वाईटच असणार, हे गृहीत धरून माणसे तीस-पस्तीस वर्षे नोकरी करीत आणि निवृत्त होत.

या पद्धतीतला अधिक सूक्ष्म दोष सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो रेल्वेच्या नव्हे, सीमा रस्ते संघटनेतील एका अभियंत्याच्या प्रकरणात. ‘देव दत्त विरुद्ध भारतीय संघराज्य’ या खटल्यात 12 मे 2008 रोजी निकाल लागला. त्या अभियंत्याच्या 1993-94 च्या अहवालात ‘चांगला’ अशी नोंद होती. ती प्रतिकूल नसल्यामुळे त्याला कळवली गेली नाही. परंतु पदोन्नतीसाठी सलग पाच वर्षे किमान ‘खूप चांगला’ ही श्रेणी लागत असल्याने त्याच एका ‘चांगला’ने त्याची बढती अडली. न्यायालयाने म्हटले की, नोंदीचा शब्द कोणता आहे हे महत्त्वाचे नसून तिचा परिणाम काय होतो हे महत्त्वाचे आहे, आणि म्हणून बरी-वाईट कशीही असो, प्रत्येक नोंद संबंधिताला कळवली पाहिजे व तिच्यावर आपले म्हणणे मांडण्याची संधी त्याला दिली पाहिजे. त्यानंतर केंद्र सरकारच्या नोकरीत गोपनीय अहवालाची जागा वार्षिक कामगिरी मूल्यांकन अहवालाने घेतली आणि तो पूर्णपणे दाखवला जाऊ लागला.

आत्मनिंदा करणाऱ्याच्या मनातील कारभार या जुन्या पद्धतीशी फार मिळताजुळता असतो, आणि काही बाबतींत तर तो तिच्याहूनही वाईट असतो. तेथेही फक्त प्रतिकूल शेरेच कळवले जातात. पार पडलेले काम, निभावलेली जबाबदारी, कोणासाठी केलेली धावपळ यांची नोंद झाली तरी ती वर येत नाही. तेथेही ‘चांगला’ ही श्रेणी नापासाच्या बरोबरीची असते, कारण किमान मर्यादा आधीच ‘उत्कृष्ट’वर नेऊन ठेवलेली असते आणि ती कोणी नेली हे विचारायचे नसते. कार्यालयात निदान प्रतिकूल शेऱ्यावर निवेदन देता येई; मनाच्या कारभारात तेवढीही सोय नसते. अहवाल लिहिणारा, तो तपासणारा आणि तो निमूट सोसणारा हे तिघेही एकच असल्यामुळे अपील करायचे कोणाकडे हा प्रश्नच उद्भवत नाही.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका साध्या प्रसंगावरून पाहता येते. एखाद्या विभागात लिपिक असलेल्या स्त्रीने लिहिलेली टिपणी साहेबांकडून ‘पुन्हा सादर करा’ एवढ्याच शेऱ्यासह परत येते. समासात लाल शाईची एक रेघ असते, तिच्याजवळ जुन्या परिपत्रकाचा क्रमांक चुकला असल्याची खूण असते. क्रमांक बदलून टिपणी पुन्हा पाठवायला दहा मिनिटे पुरतात. पण त्या दहा मिनिटांत मनात एक साखळी झरझर उलगडते: क्रमांक चुकला, इतक्या वर्षांत साधा क्रमांक पाहता येत नाही, मुळात टिपणी लिहिण्याची समजच नाही, ही खुर्ची अनुकंपेवर मिळाली, ती लायकीने मिळालेली नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कोणी बोलत नाही. पहिले वाक्य वस्तुस्थिती आहे, दुसरे अतिशयोक्ती, तिसरे निष्कर्ष, चौथ्यात एका जुन्या दुःखाची भेसळ आहे आणि पाचवे तर इतरांच्या मनात शिरून केलेले निव्वळ अनुमान. तरीही पाचही वाक्ये एकाच सुरात आणि एकाच खात्रीने बोलली जातात, त्यामुळे पहिल्याचा खरेपणा न मागता शेवटच्यालाही मिळून जातो. शिवाय मराठी माणसाच्या मनातली ही वाक्ये पुष्कळदा प्रथमपुरुषी नसतातच; ‘तुला काही जमायचं नाही’ अशी ती द्वितीयपुरुषी असतात, आणि जरा कान देऊन ऐकले तर त्यांतला आवाज आई-वडिलांपैकी कोणाचा, मोठ्या भावाचा किंवा एखाद्या मास्तरांचा आहे हे ओळखू येते.

आधुनिक मानसशास्त्रात या विषयाची सुरुवात सिग्मंड फ्रॉइड यांच्यापासून धरता येईल. 1917 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोक व विषण्णता यांवरील निबंधात त्यांनी असे निरीक्षण नोंदवले की, विषण्ण माणूस स्वतःवर जे आरोप करतो ते नीट ऐकले तर बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाला, त्याच्या जवळच्या माणसाला, लागू पडतात. 1923 मध्ये त्यांनी मनातल्या या न्यायाधीशाला स्वतंत्र स्थान दिले. मराठीत त्याला ‘पराहम्’ म्हणतात, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या आज्ञा व निषेध आत मुरून तयार झालेला मनाचा भाग. हे विचार भारतात प्रथम रुजले ते कोलकात्यात. 1887 मध्ये जन्मलेल्या गिरींद्रशेखर बोस यांनी 1921 मध्ये दमनाच्या संकल्पनेवर प्रबंध लिहिला, फ्रॉइड यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला आणि 1922 मध्ये पारसीबागान गल्लीतल्या आपल्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. बोस हे फ्रॉइड यांचे अनुयायी खरे, पण होयबा नव्हते. प्रत्येक इच्छेच्या जोडीला तिच्या उलट इच्छा असते, मारण्याच्या इच्छेजवळ मार खाण्याची इच्छा असते, असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि रुग्णाने कल्पनेत समोरच्याची जागा घेऊन पाहावी यावर त्यांच्या उपचाराचा भर असे. आत्मनिंदेच्या बाबतीत हा विचार विशेष उपयोगी पडतो, कारण झोडपणारा व झोडपला जाणारा या दोन्ही भूमिका येथे एकाच अंगात असतात आणि बहुतेकांना त्यांपैकी दुसरीचीच जाणीव असते.

शेऱ्याला उत्तर देण्याची रीतसर पद्धत मात्र मनोविश्लेषणातून आली नाही. ती आली 1955 च्या सुमारास अल्बर्ट एलिस यांनी न्यूयॉर्कमध्ये आणि पुढील दशकात एरन बेक यांनी फिलाडेल्फियात विकसित केलेल्या उपचारपद्धतींतून. बेक यांनी दाखवले की, उदास माणसाच्या मनात न बोलावता येणाऱ्या विचारांची एक अखंड मालिका चालू असते. हे ‘स्वयंचलित विचार’ कागदावर उतरवावेत, त्यांच्या बाजूचा व विरुद्धचा पुरावा शेजारी लिहावा आणि मग निष्कर्ष काढावा, अशी त्यांची रीत आहे. वर सांगितलेल्या लिपिक स्त्रीने आपली पाच वाक्ये एकाखाली एक लिहून काढली, तर त्यांपैकी फक्त पहिल्यासमोर पुरावा लिहिता येईल, आणि चौथ्यासमोर पेन थांबेल. तेथे थांबणे हेच या पद्धतीतले खरे काम असते. एलिस यांचा मुद्दा याहून मूलगामी आहे. माणसाच्या कृतीचे मूल्यमापन करावे, पण माणसाचे एकूण मूल्यमापन करूच नये, चांगलेही नाही आणि वाईटही नाही, असे ते म्हणत. स्वतःला उंच श्रेणी देणारा माणूस पुढच्या अपयशापर्यंतच सुरक्षित असतो, म्हणून त्यांनी आत्मसन्मानाच्या जागी ‘स्वतःचा विनाअट स्वीकार’ ठेवला. महाराष्ट्रात ही पद्धत ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ या नावाने रुजवण्यात कि. मो. फडके यांचा वाटा फार मोठा आहे, आणि 1990 मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेमुळे ती सामान्य माणसांपर्यंत गेली. बोस व फ्रॉइड यांच्याप्रमाणे फडके व एलिस यांचेही नाते दीर्घकाळ टपालानेच चालले. मनाच्या शास्त्राच्या या दोन मोठ्या शाखा भारतात पोस्टाच्या पाकिटांतून याव्यात, ही गंमत नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

अलीकडच्या संशोधनापैकी दोन गोष्टींचा येथे उल्लेख पुरेसा आहे. ब्रिटनमधील पॉल गिल्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये आत्मनिंदेचे दोन प्रकार वेगळे केले: ‘आपण कमी पडतो’ ही भावना आणि स्वतःचा उघड तिरस्कार, यांपैकी दुसरा प्रकार अधिक घातक असतो. अमेरिकेतील क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये ‘आत्मकरुणा’ या संकल्पनेची मांडणी केली, जिच्यात स्वतःशी सौजन्याने वागणे, आपले दुःख जगावेगळे नाही हे ओळखणे आणि त्यात बुडून न जाता ते पाहणे, अशी तीन अंगे आहेत.

मराठी वाचकाला ही सामग्री पूर्णपणे परकी वाटू नये. मनुष्य स्वतःच स्वतःचा मित्र आणि स्वतःच शत्रू असतो, या गीतेच्या सहाव्या अध्यायातील विचारावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी नळीवर बसलेल्या पोपटाचा दाखला दिला आहे. पोपटाच्या भाराने नळी फिरते, तो उलटा होतो, आपण बांधले गेलो असे त्याला वाटते, आणि वास्तविक उडून जाणे शक्य असताना तो नळी अधिकच घट्ट धरतो. आत्मनिंदेतील बंधनाचे इतके नेमके वर्णन आधुनिक ग्रंथांतही क्वचित सापडते, कारण यात बांधणारा दुसरा कोणी नाही आणि सुटण्यासाठी जास्तीचे बळ लागत नाही, हे दोन्ही मुद्दे एकदम येतात. रामदासांनी मनाच्या श्लोकांत उपदेशाआधी मनाला सज्जन म्हणून हाक मारली आहे. ज्याला सुधारायचे त्याला आधी सभ्यतेने बोलावणे, ही रीत उपचारपद्धती म्हणूनही विचार करण्यासारखी आहे. तुकारामांच्या अभंगांतील आत्मधिक्काराचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. त्यांतली भाषा कधीकधी इतकी जहाल आहे की, ती सुटी काढून प्रश्नावलीला लावली तर गुण धोक्याच्या पातळीवर जातील. परंतु ते अभंग विठ्ठलाला उद्देशून आहेत. ऐकणारा समोर आहे, त्याच्याशी भांडताही येते, आणि तुकाराम यथेच्छ भांडतात. आजच्या एकट्या माणसाच्या आत्मनिंदेला हा श्रोता नसतो, आणि संतांच्या नम्रतेचा हवाला देऊन तिचे समर्थन करणे हा मराठी घरांतला एक जुना गैरसमज आहे.

गार्डन रीचकडे आणखी एका कारणासाठी परत यावे लागते. सर्वच शेरे माणसाने स्वतः लिहिलेले नसतात, आणि काही शेऱ्यांत लिहिणाऱ्याचा लाभ गुंतलेला असतो. 1856 मध्ये गैरकारभाराचा ठपका ठेवून ईस्ट इंडिया कंपनीने अवध खालसा केले, आणि पदच्युत नवाब वाजिद अली शाह याच परिसरात येऊन राहिला. 1887 मध्ये त्याचा मृत्यू झाला तो मटियाबुर्जलाच. त्याच्या राज्यकारभारात दोष नव्हते असे कोणी म्हणणार नाही, पण ठपका ठेवणाऱ्यालाच राज्य मिळणार होते, ही गोष्ट त्या ठपक्याच्या वजनात धरावीच लागते, आणि नवाबाच्या बाजूने त्या आरोपांना छापील उत्तर दिले गेले हेही विसरता येत नाही. याच शहरात पुढे सखाराम गणेश देउस्कर या मराठी घराण्यात जन्मलेल्या बंगाली लेखकाने 1904 मध्ये ‘देशेर कथा’ हे पुस्तक लिहिले, जे सरकारने 1910 मध्ये जप्त केले. देशाच्या आर्थिक लुटीबरोबरच परक्या सत्तेने प्रजेच्या मनावर मिळवलेल्या विजयाचीही त्यांना चिंता होती. महाराष्ट्रात हीच गोष्ट जातीच्या संदर्भात अधिक खोल आहे. दया पवार यांच्या ‘बलुतं’ या 1978 च्या आत्मकथनात दगडू मारुती पवार आपली हकीकत दया पवार यांना सांगतो; शिकलेला, शहरी झालेला माणूस आणि त्याने मागे सोडू पाहिलेला माणूस समोरासमोर बसतात. स्वतःशी असलेल्या नात्याचा मराठीतला हा कदाचित सर्वात प्रामाणिक दस्तऐवज आहे. अशा ठिकाणी ‘विचार बदला’ एवढेच सांगणे अपुरेच नव्हे, तर अन्यायाचेही ठरते. कारण तेथे शेरा खोटा आहे एवढे पुरत नाही, तो लिहिणारी व्यवस्था अजून कामावर हजर आहे.

स्वतःला चाबूक मारला नाही तर माणूस आळशी होईल, हा या सगळ्यावर नेहमी येणारा आक्षेप आहे, आणि तो सोडून देण्याइतका पोकळ नाही. ज्युलियाना ब्राइन्स व सेरेना चेन यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अवघड परीक्षेत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना त्या अपयशाकडे करुणेने पाहायला सांगितले, त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी इतरांपेक्षा अधिक वेळ अभ्यास केला. यामागचे कारण समजण्यासारखे आहे: चूक मान्य करण्याची किंमत सबंध माणूसपण असेल, तर माणूस चूक लपवतो किंवा तिच्याकडे पाहणेच टाळतो, किंमत केवळ त्या कृतीपुरती असेल, तर ती मोजून देता येते. ज्याने खरोखर कोणाचे नुकसान केले आहे त्याचा अपराधभाव या ग्रंथाला पुसायचा नाही. अपराधभाव कृतीविषयी असतो आणि तो भरपाईकडे नेतो, तर लाज सबंध स्वत्वाविषयी असते आणि ती लपण्याकडे नेते. येथील उपचार दुसरीसाठी आहे.

पुस्तक वाचून भागणार नाही अशी अवस्थाही असते. स्वतःचा तिरस्कार आठवडेच्या आठवडे टिकून राहिला, झोप व भूक उडाली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर तो आजार समजून मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर उपलब्ध आहे.

शेवटी मोजमापाविषयी. आत्मनिंदेच्या व आत्मकरुणेच्या प्रचलित प्रश्नावल्या मूळ इंग्रजीत घडलेल्या आहेत, आणि ज्या समाजात स्वतःविषयी चार चांगले शब्द बोलणे हाच उद्धटपणा समजला जातो, तेथे ‘मी स्वतःवर समाधानी आहे’ या विधानासमोर खूण न करणारा माणूस आत्मनिंदक आहे की नुसता वळण लागलेला आहे, हे त्या प्रश्नावलीला सांगता येत नाही. या कारणाने पुढील प्रकरणांत गुणांच्या कोष्टकांना कमी जागा दिली असून, माणसांनी स्वतःविरुद्ध स्वतःच्या हाताने लिहिलेले शेरे आणि त्यांखाली त्यांनीच दिलेली उत्तरे हाच विवेचनाचा मुख्य आधार मानला आहे.